निलगिरीला मीठ

३ मार्च, सोमवार. सकाळी ११
काल निकेतचा फोन. ह्याही रविवारी येत नाहीत. म्हणाला, "आई, तुमच्याकडे गाडी लावायला जागाच नसते गं." बरोबर आहे त्याचं. चार वर्षांच्या सान्वीला घेऊन ठाण्याहून यायचं आणि इथे गल्लोगल्ली जागा शोधत फिरायचं!
अंगणात गाडी सहज मावेल. पण मधोमध निलगिरी. ह्यांनी लग्नानंतर लावली, आता समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीच्या वर गेली आहे.
निश्चय: झाड जाणार. मुलगा येणार.

४ मार्च
महापालिकेत चौकशी केली. जिवंत झाडाला अर्ज, पाहणी, फी, नोटीस. वाळलेलं असेल तर सोपं, असं तिथला शिपाई म्हणाला. म्हणजे झाड आपणहून वाळलं तर कोणालाच त्रास नाही.
ह्यांच्याकडे विषय काढला. "निलगिरी कोणाचं काय घेते?" म्हणाले आणि पेपरात डोकं घातलं.

५ मार्च. पहाटे
खडेमिठाच्या पाण्याची पहिली बादली. वड नाही, पिंपळ नाही, औदुंबर नाही. कुठल्या व्रतात निलगिरी आहे? तरी आधी नमस्कार केला, मग ओतली. शिवाय मिठाने आपण दृष्ट काढतोच. झाडाची दृष्ट काढली असं धरायचं.

१० मार्च. एकादशी
झाडालाही उपास. मीठ बंद.

१८ मार्च
शेजारच्या पॅट्रिशियाने भिंतीवरून मला बादलीसकट पाहिलं. ती मूळची उत्तनची, बोलते मोठ्याने. "वहिनी, किती करता झाडाचं! सकाली सकाली पानी! माज्याच्यान न्हाय व्हायचं." मी म्हटलं, झाडंही आपली लेकरंच. हे कुठून सुचलं देव जाणे. पण खोटं नाही. लेकरासाठीच चाललंय.

२५ मार्च. पापमोचनी एकादशी
पोथी वाचली. एका ओळीवर तीनदा अडखळले. चष्म्याचा नंबर वाढलाय.

२ एप्रिल
निलगिरीला नवी पालवी. लालसर, कोवळी. मीठ मानवलेलं दिसतंय.
उद्यापासून दुप्पट.

६ एप्रिल. रामनवमी
भिंतीलगतची जास्वंद वाळली. बारा वर्षं गणपतीला तिचीच फुलं वाहिली. यंदा ऊन फार आहे. सगळेच म्हणतात.

१४ एप्रिल
जेवताना ह्यांनी विचारलं, "तिसऱ्यांदा खडेमीठ आणलं मी. काय करतेस एवढ्या मिठाचं?" म्हटलं, लोणचं. "कैऱ्या कुठायत?" म्हटलं, आणायच्यात.
दुपारी जाऊन पाच किलो आणल्या. रात्रीपर्यंत फोडी करत बसले. ह्यांना लोणचं चालत नाही, बीपी आहे.

२५ एप्रिल
चार दिवस अलिबागला, नणंदेच्या मुलीचं लग्न. आज परतलो. गेटपाशीच पॅट्रिशिया. "बगा, जराबी सुकू दिलं न्हाय. नलाला पानी नव्हतं तर टँकरवरून दोन दोन बादल्या आनल्या. म्हटलं, वहिनी येवडं जपतात, काय झालं तर जीव जाईल त्यांचा." तिच्या तळहातावर कडीचे वळ उठले होते.
थँक्यू म्हटलं. आत बोलावून चहा दिला. तिने दोनदा घेतला. मला घोटभरही गेला नाही. ॲसिडिटी. लग्नातलं तेलकट.

३ मे
पॅट्रिशियाचा शेवगा वाळला. भिंतीला लागूनच होता, तिची टिना झाली त्या वर्षी लावलेला. दरवर्षी शेंगांची पहिली जुडी आमच्याकडे येते. फांदी काटकन मोडून मला दाखवत म्हणाली, "वहिनी, तुमाला झाडातलं कलतं. कीड लागली का?"
मी म्हटलं, लागली असेल.
निलगिरी हिरवीगार. मीठ बंद केलं. संपलं होतं म्हणून. दुसरं कारण नाही.

११ मे, रविवार. दुपारी ३
निकेत आला! फोन न करता. सूनबाई नेत्रा, सान्वी, सगळे. मी धावत गेटपर्यंत गेले, गाडी दिसेना. म्हणाला, "कोपऱ्यावर लावली, दवाखान्यासमोर."
"तिथे मिळते जागा?"
"मिळते की. नेहमी तिथेच तर लावतो."
म्हटलं, मग तू फोनवर म्हणाला होतास... तर हसला. "अगं आई, ते आपलं असंच. काहीतरी सांगायचं म्हणून."
नेत्राने त्याला कोपर मारलेलं मी पाहिलं. पाहिलं नाही असं केलं.
पाऊण तास बसले. वरण-भात टाकते म्हटलं, तर नको म्हणाले, कुठेतरी बर्थडे होता.

१२ मे
काल झोप नाही. सकाळी पॅट्रिशियाकडे गेले. ती शेवग्याचं खोड कोयत्याने तोडत होती. उभ्या उभ्याच सांगितलं. मीठ, बादल्या, सगळं.
तिला आधी कळेचना. "मीठ? कशाला वो?"
"निकेतच्या गाडीला जागा व्हावी म्हणून."
"काल आलता ना तो? गाडी तर कोपऱ्यावर व्हती."
हो म्हटलं.
ती ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं. कोयता खाली ठेवला, हात पुसले. म्हणाली, "चार दिस मी पानी घातलं, वहिनी. हाताला फोड आले. तवा तरी सांगायचं."
बस म्हणाली नाही. मी घरी आले.