वस्तरा जवळ बाळगण्याचं कारण

सोमवार, १७ मार्च २०२५

चि. सौ. सूनबाईस आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं.

मंगळवार, ११ मार्च रोजी सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी, शुश्रूषागृहात तुझ्या सासऱ्यांच्या खोलीत, तू माझ्या हातातून वस्तरा हिसकावून घेतलास, मिटलास आणि स्वतःच्या बॅगेत टाकलास. शिवाय व्हरांड्यात मला ऐकवलंस, "आई, हे पर्समध्ये घालून बसमधून फिरणं बेकायदा आहे. उद्या पोलिसांनी धरलं तर सोडवायला कोण जाणार?"

पोलिसांनी! मला! पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींच्या खिडकीमागे माझी सगळी नोकरी झाली. तारीख, वेळ आणि ठिकाण नसलेली तक्रार मी कधी हातात घेतली नाही, म्हणून ते आधी लिहून टाकलं. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर म्हणायच्या, राग आला की अक्षर जास्त वळणदार काढावं. बघ किती वळणदार आलंय.

आता कायद्याचं. मी गप्प बसणारी नाही हे तुला माहीत आहे. दुसऱ्याच दिवशी वरच्या मजल्यावरच्या वकिलांकडे गेले. ते म्हणाले, "काकू, वस्तरा घरात ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही. न्हावी रोज पेटीत घालून फिरतो, त्याला कोण धरतं? रस्त्यात अडवलंच तर एकच गोष्ट विचारतात, कशासाठी बाळगलाय? कारण पटलं की विषय संपला."

"आणि नाही सांगता आलं तर?"

ते हसले. "तुम्हाला? तुमच्यापुढे न्यायाधीशच खुर्ची सोडून उभे राहतील."

मला हसू आलं नाही. कठडा धरून खाली आले.

तर कारण सांगते. दाढीच्या मशीनची घरघर कानावर पडली की हे पिसाळल्यासारखं करतात. वस्तऱ्याचं तसं नाही. जन्मभर स्वतःच्या हाताने त्याच वस्तऱ्याने दाढी केली. चामड्याच्या पट्ट्यावर पातं घासल्याचा आवाज आला की आपोआप ताठ बसतात, डोळे मिटतात, हनुवटी वर करतात. मी कोण ते त्यांना कळत नाही. मध्ये एकदा म्हणाले, "बाई, तुमचा हात जड आहे. आधीचा माणूस बरा होता."

आधीचा माणूस म्हणजे हेच की! मी म्हटलं, "तो गेला सोडून."

"वाटलंच," म्हणाले. "चांगली माणसं टिकत नाहीत."

तिथे मी हसले. बसमध्ये बसल्यावर रडले, आणि कंडक्टरने विचारलं तेव्हा कुठे उतरायचं तेच मला आठवेना.

तर हे कारण. कुठल्याही कोर्टाला पटेल.

तुझ्या कायदेशीरपणाचा परिणामही ऐक. दाढी अर्धीच राहिली. डावा गाल गुळगुळीत, उजव्यावर पांढरे खुंट. शुक्रवारी तिथल्या मावशींनी मशीन लावलं, तर ह्यांनी त्यांच्या हाताचा असा चावा घेतला की टाके घालावे लागले. व्यवस्थापिकाबाईंनी चिरंजिवांना फोन करून सांगितलं, आता यांना इथे ठेवता येणार नाही. रविवारी हे घरी येणार. घरी म्हणजे माझ्याकडे, दोन खोल्यांत. मी आणि हे. चिरंजीव म्हणतात, "आई, तुझ्याइतकं त्यांना कोण सांभाळणार?"

फोन ठेवला आणि स्वयंपाकघरातल्या सगळ्या सुऱ्या गोळा करून शेजारणीकडे देऊन आले. धारवाला येईल तेव्हा त्याला द्यायच्यात, तोवर तुझ्याकडे असू देत, असं सांगितलं. भाजी आता हाताने मोडते.

वर मी "हिसकावून" लिहिलंय. ते खरं नाही. तू दारातून म्हणालीस, "आई, चहा आणलाय, आधी घ्या." कप माझ्यापुढे धरलास आणि वस्तरा मीच तुझ्या हातात दिला. तू तो रुमालाला पुसलास. मिटताना पातं तुझ्या हातून दोनदा निसटलं. मी कपातला चहा थेंबही न सांडता घेतला.

त्याच्या आधीचं लिहायचं राहिलंय. म्हणजे राहिलं नाही, दोन पानं मी ते टाळते आहे.

हनुवटी वर होती. पातं गळ्यावर होतं. फेस वाळत चालला होता एवढं आठवतं, म्हणजे बराच वेळ गेला असणार. हे डोळे मिटून स्वस्थ बसले होते, कुठे जायची घाई नसल्यासारखे. माझ्या मनात तेव्हा काय होतं, ते मी रोज आठवून बघते आणि काही सापडत नाही. नुसतीच दमले असेन, हात जिथे होता तिथेच राहिला असेल. नसेलही. वकिलांनी सांगितलेल्या त्या एका प्रश्नाचं माझ्याकडे उत्तर नाही, सूनबाई.

तू कायदा पुढे केलास. चिरंजिवांपाशीही काही बोलली नाहीस, ते त्यांच्या आवाजावरूनच कळलं. माझी लाज राखलीस असं तुला वाटत असेल. मला ती राखलेली लाज झेपत नाही.

तू मला कधी फारशी आवडली नाहीस, आणि मी ते लपवलंही नाही. पण या घरात तोंडावर खरं बोलणारी तू एकटीच. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात म्हणाली होतीस, "आई, तुमचं बोलणं लागतं हो." तसं मला पोटच्या पोराने कधी सांगितलं नाही. म्हणून त्यांना न विचारता तुला विचारते. दारात तू कधीपासून उभी होतीस? माझा हात थांबलेला होता, की पुढे जात होता?

फोन करू नकोस. फोनवर तू मला सांभाळून घेशील. कागदावर लिही, खाली सही कर, आणि शनिवार, २२ मार्चला संध्याकाळी पाचच्या आत तो माझ्या हातात पडेल असं बघ. थांबला होता असं लिहिलंस, तर रविवारी मी दार उघडेन. तसं लिहिता येत नसेल तर तेही स्पष्ट लिही, आणि ह्यांना माझ्याकडे आणू देऊ नकोस. कागद आलाच नाही, तर तू काय पाहिलंस ते मी समजेन.

तुझी सासू