पांढऱ्या कुड्याची साल

मुंबई, पौष वद्य पंचमी

माय, तुह्या पायावर डोकं ठेवून उकंडाचा नमस्कार. मी बरा हाओ, दोन वेळ भाकर भेटते. तुहा खोकला कसा हाये? मास्तर, हे पत्र चंद्रीच्या मायलेबी जवळ बसवून वाचा.

इथं औषधाच्या कारखान्यात मी साल निवडतो. आपला पांढरा कुडा इथं पोत्यानं येते. त्याचा अर्क काढून आवेच्या औषधाच्या शिशा भरतेत. पोत्यात काळ्या कुड्याची सालबी भेसळ असते. दिसाले तशीच, पण गुण नाही. म्हणून मी तुकडा तुकडा चाखतो. कडू लागला तो पांढरा.

तू आदल्या सांजेले झाड चाखून त्याले सूत बांधायची, अक्षता ठेवून आवतन द्यायची, मंग सकाळी साल काढायची. माह्या लेकीले, चंद्रीले, रक्ताची आव लागली तवा तू तापानं पडली होती. म्या घाईत आवतन न देताच साल आणली. झाड रागावलं म्हणून पोर गेली, असं तू म्हणते. तवापासून गावात कोणाले औषध देत नाही. माय, देत जाय. झाड रागावलं नव्हतं.

तापानं तुह्या तोंडाले चव नव्हती, म्हणून काढा पाजायच्या आधी तुनं मले विचारलं, "कडू हाये ना रे?"

म्या "हाव" म्हटलं. चाखलाच नव्हता.

चंद्री तोंड वाकडं न करता सगळा प्याली, माय. अन् अजून दे म्हणत होती.

तुहा लेक,
उकंडा