आडवी बाटली आणि दारावरचा झाडू

१२ ऑक्टो., रविवार. नेकारसुल्म.
काल बेझन उघडलं, म्हणजे ऑफिसातल्या योनासच्या घरची वाईन प्यायला बसायची जागा. योनासच्या आईने, फ्राउ बाउअरने, झाडू माझ्या हातात दिला आणि म्हणाली तू लाव. ऑफिसमधल्या कुणालाच आजवर लावू दिला नव्हता म्हणे, योनासलाही नाही! इथल्या द्राक्षवाल्यांना वर्षातले ठरलेलेच आठवडे लोकांना स्वतःच्या घरात बसवून स्वतःची वाईन विकता येते. त्या आठवड्यांत दारावर झाडू टांगतात. झाडू दिसला की लोक आत येतात.
मी स्टुलावर चढले, झाडू अडकवला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग लेम्बर्गर, इथली लाल वाईन. या वेळची एकदम मस्त आहे, आधी चेरी, मग थोडं मिरीसारखं काहीतरी. माझ्या टेस्टिंग नोट्स फ्राउ बाउअरला वाचून दाखवल्या तर ती म्हणाली गेनाऊ, गेनाऊ, अगदी बरोबर. दिवसभर हवेत होते.
फोटो स्टेटसला टाकला. खाली इंग्लिशमध्ये मोठं लिहिलं, झाडू का लावतात, आत काय मिळतं, मी काय काय प्यायले, सगळं.

१३ ऑक्टो.
आईचा फोन, भर मीटिंगमध्ये. दोनदा कट केला. तिसऱ्यांदा उचलून बाहेर गेले.
हॅलो नाही, काही नाही. "तुझ्या आजीनं गावचा रस्ता झाडला. मी नाही झाडला. तू काहून झाडून राहिली?"
मला कळेचना. मग कळलं. फोटो. खालचं इंग्लिश तिला वाचता येत नाही, तिने फक्त झाडू पाहिला.
खरं सांगायला दोन वाक्यं लागली असती. पण आई गावात दारूबंदीच्या बायांची अध्यक्ष आहे. अंगणवाडी सुटली की दारोदार फिरते. तिला काय सांगणार, की हा दारूच्या घरचा झाडू आहे आणि तो लावायचा मान मला मिळाला?
म्हटलं, कंपनीची सफाई मोहीम होती. सगळे इंजिनीअर झाडतात, बॉससुद्धा.
आई म्हणाली, "साहेबबी?"
साहेबबी, म्हटलं.

१९ ऑक्टो., रवि.
आईचा आवाज एकदम खुललेला. गावात मतदान लागलं. ९ नोव्हेंबर. फक्त बायांचं. कागदावर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवीला गावातल्या एकूण बायांपैकी निम्म्याहून जास्त मतं पडली तर बार बंद. जी घरी बसली तिचं मत आपोआप उभ्या बाटलीला. म्हणून एकेकीला उठवून आणावं लागणार.
आमचं गाव यवतमाळ जिल्ह्याच्या काठावर. नदीपलीकडे वर्धा जिल्हा, तिथे बंदी. म्हणून तिकडचे सगळे पूल ओलांडून आमच्याकडे येतात. एवढ्याशा गावात एवढा मोठा बार त्यामुळेच. परत जाताना पुलावर गाड्या घसरतात. आईच्या बायांमधल्या कौसाबाई आजींचा मुलगा तसाच गेला. तो तर गावातलाच होता, पिऊन कुणाला तरी पलीकडे सोडायला गेला होता.
आईने मीटिंगमध्ये माझं सांगितलं. जर्मनीत माझी पोरगी इंजिनीअर असून हातात झाडू घेते, तिथे मोठी माणसंही लाजत नाहीत, मग आपण बारवाल्यासमोर का लाजायचं? बायांनी टाळ्या वाजवल्या म्हणे.
आता त्यांना माझा व्हिडिओ हवाय. दोन शब्द. "इंग्लिश कमी बोलजो," आई म्हणाली.

२५ ऑक्टो., शनि.
रेकॉर्ड केला. आधी शेल्फवरचे ग्लास उचलून बाथरूममध्ये ठेवले. बाटल्या खाटेखाली.
पहिला टेक बरा होता, साधा होता. पण मला अजून चांगला करायचा होता. म्हणून चौथ्या टेकमध्ये म्हटलं, मी इतक्या लांब एकटी राहते, सगळे पितात, पण मी एक थेंबही घेत नाही, कारण माझ्या आईने मला पंचशील शिकवलं. हे कुणी सांगितलंच नव्हतं बोलायला. माझ्या तोंडून आलं आणि छान वाटलं. डोळे भरून आले माझेच.
तोच पाठवला.
संध्याकाळी बेझनला गेले. आल्झो, म्हणजे, गेलेच. योनास म्हणाला आज गप्प का. म्हटलं थकलेय.

२६ ऑक्टो.
ऑनलाइन बुद्धवंदना होती, नेहमीसारखी. स्क्रीनवर सगळी मुलं-माणसं, कुणी हॅनोव्हर, कुणी गार्चिंग. पाचवं शील आलं, नशेपासून दूर राहण्याचं, आणि मी माईक म्यूट केला. ओठ हलवत राहिले.
नंतर गार्चिंगच्या ताई म्हणाल्या, तुझा व्हिडिओ आमच्या ग्रुपवर पण आलाय गं, किती सुंदर बोललीस. थँक्यू म्हटलं. थँक्यू!

२ नोव्हें., रवि.
झालं.
बारवाल्याचा मुलगा पुण्यात शिकलाय, इंग्लिश मीडियम, माझ्यासारखाच. त्याने माझा फोटो कुणाकडून तरी मिळवला. खालचं सगळं मराठीत करून पुलाजवळ फ्लेक्स लावला. वर लिहिलं, "अध्यक्षबाईंची मुलगी जर्मनीत दारूच्या दुकानाला झाडू लावते." शेजारी माझ्या व्हिडिओतलं एक वाक्य. एक थेंबही.
चुलतभावाने फोटो पाठवला फ्लेक्सचा. भाषांतर वाचलं. बरोबर आहे. एक शब्द वाढवलेला नाही. चेरी पण आहे त्यात.
आईला फोन करायला हवा. करत नाहीये.

३ नोव्हें.
तिनेच केला.
"खरं आहे?"
हो.
"मग झाडत होती ते?"
म्हटलं, झाडत नव्हते आई. तो झाडू फक्त लावायचा असतो, दुकान उघडं आहे म्हणून.
वाटलं आता दारूवर बोलेल. दारूवर एक शब्द नाही बोलली. म्हणाली, "मी तीस बायांसमोर सांगितलं माझी पोरगी झाडते. ते बोलताना माझ्या जिवाला काय झालं, तुले माहीत आहे? आपल्या घरातल्या पोरीनं पुन्हा झाडू हातात घेतला असं सांगायचं. तरी सांगितलं. मनात म्हटलं, तिला लाज नाही तर आपण कशाला धरायची."
मी रडायला लागले. ती थांबली नाही.
"पितेस ते पितेस, मोठी झालीस. पण मला झाडूवाली करून गावात फिरवलं तू."
मग म्हणाली, बुधवारी बाया बसतील. तू बोल. मी फोन धरते.
म्हटलं, मी बोलले तर मतं जातील.
"जायची ती गेलीच आता."

४ नोव्हें.
काम नीट झालं नाही. दोन वेळा लिहून काढलं काय बोलायचं ते. पहिल्यात मी सॉरी सतरा वेळा म्हटलंय. दुसऱ्यात जर्मन कल्चर समजावून सांगितलंय. दोन्ही फाडले.
मला वाईट कशाचं वाटतंय नक्की? पकडले गेले याचं जास्त.

५ नोव्हें., बुध.
लंच ब्रेकमध्ये कंपनीच्या पार्किंगमध्ये गेले, वरच्या मजल्यावर, तिथे कुणी नसतं. आईने फोन उंच धरलेला, सगळ्या बाया एकदम दिसत होत्या. समाजमंदिरातल्या सतरंजीवर.
सांगितलं. मी पिते. वाईन. मला आवडते, मी तिचा अभ्यास करते. झाडूचं खोटं बोलले. व्हिडिओत खोटं बोलले, आईला माहीत नव्हतं.
मग मागून एक बाई म्हणाली, चला, हिच्या होणाऱ्या नवऱ्याची तरी काळजी मिटली, दोघं मिळून पितील. दोघी-तिघी हसल्या. आई नाही हसली.
दुसरी कुणीतरी, तरुण, मी ओळखत नाही तिला. "तिकडे पिऊन माणूस इंजिनीअर राहतो, इकडे पिऊन पुलावरून पडतो. असं कसं, ताई?"
तोंडात आलं होतं, तिथे कायदे, तिथे क्वालिटी, तिथे बस असते. गिळलं.
मग कौसाबाई आजी पुढे सरकल्या. फोनच्या अगदी जवळ, नुसतं कपाळ दिसत होतं.
"चांगली लागते का गं?"
चित्र हललं. मला वाटलं ती कट करणार. नाही केला.
म्हटलं, हो आजी. चांगली लागते.
"तरीच," त्या म्हणाल्या. "माझा पोरगा काही येडा नव्हता."
आणि मागे जाऊन बसल्या. मग आईने फोन खाली घेतला. सतरंजी दिसली, मग काही नाही.

६ नोव्हें.
आईचा मेसेज नाही. गुड मॉर्निंगचं फूलही नाही.
चुलतभाऊ म्हणतो, फ्लेक्स तसाच आहे. कोण काय करणार काही कळत नाही. काही बाया म्हणतात अध्यक्षच बदला. काही म्हणतात, पोरीने निदान तोंडावर सांगितलं, बारवाल्याने कधी सांगितलं?
बाटल्या खाटेखालून काढल्या. परत शेल्फवर ठेवल्या. फेकून देणं सोपं होतं, पण ते पुन्हा व्हिडिओसारखंच झालं असतं. कुणी बघतंय म्हणून.

८ नोव्हें., शनि.
फ्राउ बाउअरने विचारलं, येत का नाहीस. तिला सांगावं म्हटलं तर कुठून सुरू करणार. आमच्याकडे अख्ख्या जिल्ह्यात बंदी असते हे ऐकून ती मागे एकदा खूप हसली होती. मीही हसले होते तिच्याबरोबर, आणखी दोन किस्से रंगवून सांगितले होते. पुलावरचे.
पुलावरचे!
पुढच्या आठवड्यात जाईन की नाही, माहीत नाही. जावंसं वाटतंय, हे खरं.

९ नोव्हें., रवि.
उठल्या उठल्या फोन केला. उचलला. मागे खूप कालवा. शाळेच्या आवारात आहे म्हणाली, रांग आहे, पण सकाळी होती त्यापेक्षा कमी.
कोण कोण आलं नाही, विचारलं. तिने नावं घेतली. घेत राहिली. मधे दम घेतला.
म्हटलं, आई, माझ्यामुळे?
"आता ठेव," ती म्हणाली. "कौसाबाईला आत न्यायचं आहे, तिला चित्र दिसत नाही नीट."