मांडीवरची पिशवी

सर, काल दुपारी तुमची मुलगी माझ्या घरी आली होती. तिचेही केस आता पांढरे झालेत, गुडघे दुखतात, तरी सक्करदऱ्याच्या तलावापासून पायीच आली. पाणी प्यायली आणि हातातली पिशवी खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, "दादा, आईनं एक विचारायले पाठवलं. खरं सांगा बरं. त्या दिवशी बाबांनी तुमचं ते रिव्हॉल्वर बसमधून आणलं, ते भरलेलं होतं का रिकामं?" काकू आता नव्वदीला टेकल्यात. दुपारी जेवल्या की नाही हे संध्याकाळी त्यांना आठवत नाही, पण तो दिवस अजून आठवतो. डब्यात ठेवलं मीच, आठवण द्यायची राहिली तीही माझ्याकडूनच, माझ्या माणसाच्या मांडीवर मी मरण ठेवून पाठवलं, असं त्या हल्ली रोज म्हणतात म्हणे. तिला मी काय उत्तर दिलं ते शेवटी लिहितो. तुम्हीच सांगायचात ना, कविता वाचताना शेवटची ओळ आधी बघायची नाही म्हणून.

तुमचा वर्ग मला अजून दिसतो. पारशिवनीच्या शाळेची ती कौलारू खोली, कविता सुरू करायच्या आधी तुम्ही उठून उघडायचात ती खिडकी, आणि खिडकीबाहेर सायकलींना बांधलेले डबे. तुम्ही छडी कधी आणली नाहीत. कविता पाठ नसेल तर उभं राहून "येत नाही, सर" म्हणायचं, की तुम्ही हाताने बसायची खूण करायचात. तेवढ्यावर भागायचं. पण येतं असं म्हणून कोणी काहीतरी ठोकून दिलं, की तुम्ही चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसत बसायचात, त्याचं खोटं बोलून होईपर्यंत. मी एकदा तसा सापडलो. पाठ होती, पण अर्थ कळलेला नव्हता, आणि कळला म्हणून मी बरंच काही बोलत सुटलो. तुमच्या काचा पुसून संपेनात. घंटा झाल्यावर मी धीर करून विचारलं, "सर, तुम्ही तेव्हा चष्मा काहून काढता?" तुम्ही म्हणालात, "खोटं बोलणाऱ्या पोराचं तोंड मले साफ दिसू नये म्हणून. मंग ते तोंड माह्या ध्यानात राहते, अन् तो पोरगा पुढं किती खरं बोलला तरी तेच दिसते." त्या वर्गातली निम्मी मुलं पुढे काटोलच्या बाजारात, शेतीत, कचेऱ्यांत गेली. मी फौजदार झालो. तुम्हाला ते फारसं आवडलं नव्हतं, पण पेढा तुम्ही खाल्लात.

कमरेला रिव्हॉल्वर लावल्यावर माणसाचं काय होतं, हे मला प्रशिक्षणात कोणी सांगितलं नाही. पहिले सहा महिने छाती पुढे राहते. नंतरची तीस वर्षं फक्त कंबर दुखते. खुर्चीत बसताना डावीकडे कलायचं, जीपमध्ये चढताना उजवा हात आधी तिथे न्यायचा, गर्दीत कोणाचा धक्का लागला की माणूस नाही, ते आधी चाचपायचं. घरी आल्यावर बायको दारातूनच म्हणायची, "आधी ते कपाटात ठेवा, हात धुवा, अन् मंग पोरीले उचला." मुलगी वाट बघत उभी राहायची, आणि मी कपाटाची किल्ली शोधत असायचो. लोकांना वाटतं पोलिसाला त्याची सोबत असते. सर, ती सोबत नव्हती, राखण होती, आणि राखण मी त्याची करत होतो. ते हरवेल का, चोरीला जाईल का, एखादी गोळी कमी भरेल का. आमच्यातला एक जण फुगवून सांगायचा, "माणूस हरवला तर कागद रंगवता येते बे, हे हरवलं तर नोकरीच जाते." आम्ही हसायचो, आणि हसताना प्रत्येकाचा हात आपापल्या कमरेला जायचा.

वर्षातून एकदा गोळीबाराचा सराव असायचा. उन्हात रांगेत उभं राहायचं, पाळी आली की गोळ्या झाडायच्या, आणि मग वाकून वाकून रिकाम्या पुंगळ्या गोळा करून परत द्यायच्या.  पहिल्या वर्षी माझी एकही गोळी नेमाच्या फळ्याला लागली नाही. दुसऱ्या वर्षी मी मनात तुमची एक कविता म्हणायला लागलो. तुम्ही वृत्त शिकवताना यतीवर श्वास थांबवायला लावायचात ना, तिथे श्वास थांबवला आणि चाप दाबला. लागली. सगळी नोकरी मी त्याच यतीवर नेम धरला. सराव घेणारा उस्ताद विचारायचा, "साहेब, ओठातल्या ओठात काय म्हणून राहिले?" मी म्हणायचो, देवाचं नाव. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्ही रागावला असतात की हसला असतात, मला आजही ठरवता येत नाही.

खऱ्या माणसावर मी ते एकदाच रोखलं. एका वस्तीत एक जण तलवार घेऊन गल्लीत उभा होता, भावाभावांचं भांडण. मी बाहेर काढलं आणि श्वास थांबवला, पण ओळच आठवेना. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "चालव ना साहेब, चालव, कमसे कम मोकळा तरी होईन." त्याच्या मागच्या दारात त्याची आई उभी होती. मी तसाच उभा राहिलो, किती वेळ कोण जाणे, आणि मग तो तलवारीसकट खाली बसला आणि रडायला लागला. माझी पाठ थोपटली सगळ्यांनी. मला मात्र घरी येऊन ताप भरला.

पण ते नंतरचं. तुमच्या घरचा दिवस त्याच्या बराच आधीचा, माझ्या पहिल्या निवडणूक बंदोबस्ताचा. मला पारशिवनी मिळाली म्हणून मी खूष होतो. मतदान शांत चाललं होतं, म्हणून अर्ध्या तासाची सवड काढून तुमच्याकडे आलो. खरं लिहायचं तर दाखवायला आलो. खाकी, पट्टा, झाकणाचं चामडी होल्स्टर. काकूंनी पाट मांडला, ताटात वांग्याची भाजी, भाकरी आणि मिरचीचा ठेचा. मी बसणार तोच तुम्ही भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडे बोट केलंत. "याच्यासमोर ते कमरेले लावून जेवाचं नाही." मी हसून म्हणालो, "सर, हे सोडता येत नाही, ड्यूटीवर आहो." तुम्ही म्हणालात, "मंग ड्यूटीवर जा. इथं जेवाले माह्या वर्गातला पोरगा बसते." काकू मध्ये पडल्या. "दे इकडं, मी डाळीच्या डब्यात ठेवतो, कोणी हात लावत नाही. गरम भाकर थंडी करू नोका दोघं मिळून." मी रिव्हॉल्वरला अडकवलेल्या दोरीचा आकडा सोडला, ते काढून त्यांच्या हातात दिलं आणि होल्स्टरचं झाकण लावून टाकलं. गोळ्या काढून द्यायला हव्या होत्या. कोणत्याही शिपायाला ते ठाऊक असतं. पण तुमच्यासमोर, त्या तसबिरीसमोर, सहा गोळ्या तळहातावर काढायची मला लाज वाटली. तेवढ्याच लाजेपायी सगळं झालं.

दुसरी भाकरी अर्धी झाली होती, तेवढ्यात बाहेर जीपचा हॉर्न. हवालदार अंगणातूनच ओरडला, "साहेब, तिकडं दोन पार्ट्या भिडल्या, चला लवकर!" मी तसाच उठलो, हात धुतला, टोपी घातली, पळालो. भांडण मिटलं, मतदान संपलं, मतपेट्या ट्रकमध्ये चढल्या, आम्ही त्यांच्यामागे नागपूरला आलो. कमरेला होल्स्टर होतं, झाकण लावलेलं होतं, आणि पोटात काकूंचं जेवण होतं. शस्त्रागाराच्या खिडकीशी मी झाकण उघडलं तेव्हा आत नुसतं चामडं.  खिडकीतला हवालदार म्हणाला, "हत्यार, साहेब?" मी म्हणालो, "उद्या देतो. साफ करून देतो." त्यानं वही पुढे ओढली. "साफ कराले आम्ही मेलो का साहेब?" मग स्वतःच वही मिटून म्हणाला, "सकाळी दहाच्या आत. दहाले मोठे साहेब येते."

पहाटेच्या गाडीने पारशिवनीला निघायचं ठरवून मी कपडे करून बसलो होतो, पण मला रजा मिळेना. मतपेट्यांच्या पहाऱ्यावर नाव लागलेलं होतं. नऊ वाजता क्वार्टरवर शर्ट बदलायला आलो, तर दारात तुम्ही. पांढरा सदरा, धुळीने भरलेल्या चपला, हातात शाळेची कापडी पिशवी. "तुही वस्तू राहिली होती," म्हणालात. कोणी वही विसरलं की दुसऱ्या दिवशी म्हणायचात, अगदी तसंच. पिशवीत वर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, खाली काकूंच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं ते. रात्रीच्या वरणासाठी डबा उघडला तेव्हा सापडलं. तुमच्या घरापासून पोलीस ठाणं पाच मिनिटांवर. तिथे दिलं असतंत तर तुम्ही सुटला असतात आणि माझी नोकरी गेली असती. त्याऐवजी तुम्ही, एक शाळामास्तर, सरकारी हत्यार पिशवीत घालून दोन तास एसटीत बसलात. वाटेत कोणी झडती घेतली असती, तर तुम्ही तुरुंगात गेला असतात. तुम्ही मात्र हसत कंडक्टरची गोष्ट सांगत होतात. "तो म्हणे, मास्तर, पिशवी वर ठेवा ना, मांडीवर काहून घेऊन बसले? म्हटलं, पोराइचे पेपर आहेत बाप्पा, हरवले तर एका पोराचं वर्ष जाईन. पेपर होतेच पिशवीत. म्हणजे खोटं नाही बोललो."

मग चहा घेताना तुम्ही विचारलंत, "भरलेलं होतं का रे?"

मी म्हणालो, "नाही सर. रिकामं होतं. आम्ही भरलेलं असं कुठंही ठेवत नाही."

तुम्ही चष्मा काढलात आणि सदऱ्याच्या टोकानं पुसला. एसटीच्या खिडकीतली धूळ बसली होती काचांवर, मी स्वतः पाहिली. इतकी वर्षं मी त्या धुळीवर विसंबून आहे. "चल, दुपारची शाळा आहे," म्हणून तुम्ही उठलात. तुम्ही वळणावर दिसेनासे झालात तेव्हा मी आतल्या खोलीत जाऊन ते उघडलं. सहाच्या सहा गोळ्या होत्या. हातावर घेतल्या तर कोमट होत्या, दोन तास कोणीतरी पोटाशी धरून आणलेल्या.

तुम्ही गेलात त्या दिवशीही मी बंदोबस्तावर होतो. तसाच खाकीत आलो. कमरेला ते होतं, म्हणून मी आत आलो नाही, दाराबाहेर उभा राहिलो. लोकांना वाटलं, साहेब आहे, आत कशाला बसेल. काकूंनी तेवढं आतून पाहिलं आणि मान हलवली.

आता निवृत्तीलाही बरीच वर्षं झाली. हत्यार जमा केलं त्या दिवशी हलकं वाटेल असं वाटलं होतं, पण तलावाभोवती फिरताना उजवा हात अजून अंगापासून वीतभर दूर राहतो. शेजारचे म्हातारे थट्टा करतात, "साहेब, बाजूनं कोन चालून राहिला?" संध्याकाळी बाकावर बसून मी तुमच्या कविता म्हणतो. ओळी गळतात. यती तेवढ्या आठवतात.

काल तुमच्या मुलीनं एक गोष्ट सांगितली, ती मला माहीत नव्हती. त्या सकाळी ती तुम्हाला बसपर्यंत सोडायला आली होती. तुम्ही खिडकीशी बसलात, पिशवी मांडीवर घेतलीत, आत हात घालून काहीतरी फिरवलंत. तिनं खालून विचारलं, "बाबा, असं काहून करता?" तुम्ही म्हणालात, "तोंड माह्याकडं केलं. बस लोकाइनं भरली आहे." म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. गोळ्यांची बिल्ल्यासारखी सहा पितळी बुडं मागून दिसतात, बघणाऱ्याला दिसतात. म्हणजे माझ्या क्वार्टरमध्ये चहा पिताना तुम्ही मला विचारलंत ते कळावं म्हणून नाही. उभं राहून खरं सांगायची एक संधी होती ती, आणि मी ठोकून दिलं.

ती माझ्या तोंडाकडे बघत उत्तराची वाट पाहत होती, आणि मी मनात तोलत होतो. भरलेलं होतं म्हणालो, तर नव्वदीची बाई उरलेले दिवस त्या डब्याशी झुरणार. रिकामं होतं म्हणालो, तर तिला झोप लागणार, पण मग तुम्ही दोन तास स्वतःच्या पोटाशी धरून बसलात ते काय होतं? एका भाबड्या मास्तरची उगाच भीती. तुमच्या मुलीच्या मनात तुम्ही कायमचे तसे राहणार, आणि तुमची बाजू मांडायला जगात मी एकटाच उरलेलो.

मी म्हणालो, "रिकामं होतं बाई. काकूंना सांग, रिकामं होतं."

"बरं झालं गा दादा," म्हणाली आणि हसली. "बाबा उगाच भेले म्हणजे." चष्मा तिलाही आहे, सर, तुमच्यासारखाच जाड काचांचा. तिनं तो काढला नाही. सरळ माझ्याकडे पाहत राहिली, आणि तिनं विश्वास ठेवला.