चुंबळीचं माप

डाकार, ४ फेब्रुवारी

ति. मामांस, क्विंतिनुचा बंदरावरून सा. न.

सोबत सुतळी आहे. गाठीपर्यंत माझ्या डोक्याचं माप. नाचात डोक्यावर घालायचं बैलाचं लाकडी मुंडकं हलकं कोरा, दिवसभर माशांच्या पेट्या वाहून मान आखडलीय. नाचाला सुट्टी मागितली तर मुकादम म्हणाला, जा, मग तिकडेच नाचत बस. बघतो काय ते. आईला सांगा, भात मिळतो, पण आपल्या ताडतेलाची चव नाही. हात दुखतोय, म्हणून एवढंच. लोभ सुकू देऊ नका.

क्विंतिनु


ओरांगो बेट, ६ मार्च

चि. क्विंतिनुस, मामाचे अ. आ.

तुझ्या सुतळीबरहुकूम बैल आतून पोखरला. शिंगं खरी बसवली, डोळ्यांना बाटलीची काच घासून लावली. तुझा सोबती ज़ुस्तिनु, त्याचं डोकं भोपळ्याएवढं, तरी त्याने घालून पाहिला तर बैल थेट हनुवटीवर आला. बायका म्हणाल्या, यात भात शिजवा. शहरात तुझं डोकं सुजलं काय रे? का माप घेताना चुंबळ काढलीच नव्हतीस?

नाच काजू उतरायच्या आधी, एप्रिलच्या पहिल्या रविवारी. मग तुझे सोबती राईत जातील आणि पुरुष होऊन बाहेर येतील. पुढची तुकडी सात वर्षांनी. आला नाहीस तर तोवर तू सभेत पोरांत बसणार, मिशा कितीही वाढव. ज़ुस्तिनुचा भाऊ बैल मागतोय. नाकात वेसण अजून घातलेली नाही. ज्याचा बैल, त्याच्याच नावाने घालायची. कळव. माझीही बोटं आता धरत नाहीत.

तुझा मामा बेर्नाबे


डाकार, २० मार्च

ति. मामांस, पुन्हा सा. न.

पत्र वाचलं आणि डोक्याला हात लावून पाहिला. चुंबळ तेव्हाही तिथेच होती. माप घेताना खरंच काढली नव्हती. अलीकडे ती डोक्यावर आहे हेच कळत नाही, कधी तशीच झोप लागते.

मुकादमाला सांगून टाकलं. उद्याच तुझ्या जागी दुसरा उभा करतो, म्हणाला. करू दे. गुरुवारी निघतो, बिसाऊहून शनिवारची होडी धरतो. आल्यावर दोन दिवस मला कुणी उठवू नका.

बैल आतून भरू नका. चुंबळ घेऊन येतोय, ती बरोबर बसेल. वेसण घाला.

तुमचाच,
क्विंतिनु