बिलायती इंजिनाची फटफटी

१ जानेवारी १९७३, सोमवार
या वर्षी रोज लिहायचं. रोज म्हणजे रोज.
आज हंगाम बंद झाला. पाऊस नाही, म्हणून ऊस नाही. वाटलं, आता तरी वजनकाट्यावरून सुटका. संध्याकाळी कारखान्यात नोटीस लागली : काट्यावरचे क्लार्क नेहमीप्रमाणे ड्यूटीवर राहतील. वजन कशाचं करायचं, ते नोटिशीत नाही.

९ जानेवारी, मंगळवार
मधले दिवस लिहिण्यासारखे नव्हते.
केबिन सहा बाय पाच. एक खिडकी, तिला गज. अकरा हंगाम मी याच खिडकीतून पावत्या देतोय. घरी सुमन म्हणते, कॉलनीतल्या बायकांना माझा उजवा हात तेवढा ओळखीचा आहे.
दुपारी स्वतःच काट्यावर उभा राहिलो. काटा वीस-वीस किलोने सरकतो. कधी साठ दाखवतो, कधी ऐंशी. माझं खरं वजन या कारखान्यात कोणालाच माहीत नाही.

१५ जानेवारी, सोमवार. स. ११
मोठी बातमी. पुढच्या हंगामासाठी लांबलांबचा ऊस नोंदवायचा म्हणून फील्डमनची एक जागा निघाली. शिवारात हिंडायचं, बांधावर चहा प्यायचा, खिडकी नाही. अट एकच : स्वतःची चालू मोटारसायकल. मुलाखत २ एप्रिलला, मोटारसायकलसह. चेअरमन नानासाहेब स्वतः घेणार.
ही जागा माझी. बाकी कोणाचीही असण्याचं कारण दिसत नाही.

१७ जानेवारी, बुधवार
पतसंस्थेच्या कोट्यात एक राजदूत मोटारसायकल आली आहे. सीनिॲरिटीने माझा नंबर पहिला. सुमन म्हणाली, देवच पावला. मी म्हटलं, राजदूत कोणीही घेतं.
लहानपणी नळदुर्गला किल्ल्याच्या पुलाजवळ एका इंग्रज इंजिनिअरची फटफटी पाहिली होती. लांब टाकी, परातीएवढा दिवा, आवाज छातीत बसायचा. तशी गाडी बाजारात मिळत नाही. बनवावी लागते. मी बनवणार.
सुमनने विचारलं, तुम्ही? मी म्हटलं, हो. मग ती बराच वेळ तांदूळ निवडत बसली. तांदूळ थोडेच होते.

२१ जानेवारी, रविवार
एसटीने नळदुर्ग. हायवेवरच्या एका ढाब्यामागे भंगारवाला आहे. तिथे मिळालं. एका सिलिंडरचं, अस्सल बिलायती इंजिन. पितळी पट्टीवर ‘मेड इन इंग्लंड’ कोरलेलं. भंगारवाला म्हणाला, साहेब लोकांचं आहे. मी आणखी काही विचारलं नाही. चांगल्या मालाची चौकशी केली की भाव चढतो.
फ्लायव्हील जात्यापेक्षा जड. पूर्वी लोखंडात कंजुषी करत नसत.
कंडक्टरने इंजिनाचं अर्धं तिकीट फाडलं.

४ फेब्रुवारी, रविवार
बैलगाड्यांचे सांगाडे बनवणारे महालिंगप्पा मिस्त्री काम करायला तयार झाले. मूळचे अक्कलकोटकडचे. बोलतात कमी, तेही अर्धं कानडीत.
इंजिनाभोवती दोन फेऱ्या मारून ते म्हणाले, “साहेब, हे बसून खानारं इंजन हाय. फिरनारं न्हाय.”
मोटारसायकलचा अनुभव नसल्यामुळे तसं वाटणारच. मी त्यांना रागावलो नाही.

११ फेब्रुवारी, रविवार
इंजिनाला गिअर बॉक्स नाही. जुन्या इंग्रजी गाड्यांना बहुधा लागत नसे. मिस्त्रींनी पिठाच्या गिरणीसारखा पट्टा लावायचं ठरवलं आहे. लिव्हर ओढली की पट्टा ताणतो आणि गाडी निघते. सोडली की थांबते.
किकही नाही. चाकाला दोरी गुंडाळून ओढायची. रुबाबदार पद्धत आहे.

१३ फेब्रुवारी, मंगळवार
पेट्रोलवर सुरू होतं, पण चालतं रॉकेलवर! काय काटकसर. सुमनला ही बातमी सांगितली. ती स्टोव्हचा डबा उचलून शेजारी ठेवून आली.

१९ फेब्रुवारी, सोमवार
पतसंस्थेचा सेक्रेटरी विचारत होता, राजदूत घेता की सोडता? काट्यावर दुसऱ्या पाळीला असलेला बब्रुवान माझ्यानंतरच्या नंबरवर आहे. चांगला पोरगा. मला म्हणाला, “दादा, तुमचा नंबर हाय, तुमीच घ्या. तुमची गाडी झाली की मग राजदूत विका. पर आता सोडू नका.”
त्याच्या चेहऱ्यावर माझ्याविषयी काळजी होती. ती मला सहन झाली नाही. तिथेच ना-हरकत पत्र लिहून दिलं. अक्षर फार सुंदर आलं.
सुमनला अजून सांगितलेलं नाही. योग्य वेळ पाहून सांगेन.

२० फेब्रुवारी, मंगळवार
सुमनला कळलं. योग्य वेळ नव्हती.

४ मार्च, रविवार
सांगाडा तयार. मिस्त्रींना बैलगाडीची सवय असल्यामुळे तो अंमळ मजबूत झाला आहे. उचलायला सहा माणसं लागली. काट्यावर ठेवला तर तीनशे वीस दाखवलं. रस्त्याला धरून चालेल.
टाकी फवारणी पंपाची. जुना पंप कापून लांब करून घेतली. दिवा ट्रकचा. सीट चांभाराकडून, खऱ्या चामड्याची. लांबून पाहिलं तर तोच इंग्रज इंजिनिअर आठवतो. मी लांबूनच पाहत बसलो.

१८ मार्च, रविवार. दु. ३
इंजिन पहिल्या दोरीला सुरू झालं! आवाज थेट छातीत. एकसारखा. मूठ पिळून पाहिली. आवाज तोच. मिस्त्री म्हणाले, याला गव्हर्नर आहे, हे आपल्या चालीनेच चालणार, ना कमी ना जास्त. यालाच शिस्त म्हणतात.
कॉलनीच्या मैदानात ट्रायल. सपाटीवर गाडी छान चालते. शेजारून एक बैलगाडी पुढे गेली. गाडीवान वळून नमस्कार करून गेला.
मिस्त्रींनी हात पुसत विचारलं, “साहेब, चढावर कसं करनार?” कारखान्याच्या ऑफिसकडे थोडा चढ आहे खरा. पण त्या वेळी इंजिन गरम असेल.

२५ मार्च, रविवार
कॉलनीच्या विहिरीवरची मोटर आठवडाभर बंद. वीज दिवसातून दोन तास, तीही केव्हा ते सांगता येत नाही. बायका टँकरसाठी ताटकळतात. सुमन सकाळी चारला उठते, दोन घागरी घेऊन येते. मला म्हणाली, मुलाखत झाली की निदान फील्डमनच्या नळाच्या क्वार्टरमध्ये जाऊ. मी म्हटलं, जाऊच.
तिने बऱ्याच दिवसांनी माझ्याशी नीट बोलून विचारलं, जमेल ना तुम्हाला? मी ‘हो’ म्हणालो. हे लिहिताना जाणवलं की मी फार पटकन ‘हो’ म्हणतो. या सवयीचा विचार एप्रिलनंतर करायचा.

१ एप्रिल, रविवार
उद्याची तयारी. शर्टला इस्त्री. निघायची वेळ : ९.३०. अंतर : पाऊण मैल. पोचायची वेळ : ९.४०. मुलाखत : १०. निकाल : माझ्या बाजूने.
काट्याच्या केबिनमधून माझा पेला, टॉवेल आणि आरसा घरी आणला. आता तिथे परत जायचं नाही.

२ एप्रिल, सोमवार. रा. ८
झालं ते क्रमाने लिहितो.
९.३० ला निघालो. सुमनने कपाळाला कुंकू लावलं. मिस्त्री मागून पायी येत होते. पुढे ते पुढे गेले.
ऑफिसच्या चढावर पट्टा घसरायला लागला. इंजिन शंभर टक्के चालू होतं. गाडी उभी होती. मी उतरून ढकललं. तीनशे वीस किलो आणि वर इंजिन. गाडी मागे येऊ लागली, तेव्हा मिस्त्रींनी चाकाला दगड लावला.
९.५० ला बब्रुवान राजदूतवरून आला. थांबला. “दादा, मागं बसा, मी सोडतो,” म्हणाला. मी म्हटलं, तू हो पुढे, मी माझ्या गाडीनेच येतो. तो बिचारा दोनदा मागे वळून पाहत गेला.
इंजिन चालूच होतं. मिस्त्रींनी बंद करू का विचारलं. मी नको म्हटलं. इंजिन बंद केलं तर गाडी बंद आहे असं दिसलं असतं.
अकराच्या सुमारास बब्रुवानची मुलाखत उरकून नानासाहेब बाहेर आले. थेट चढावर, माझ्याकडे. मला वाटलं, हीच माझी मुलाखत.
त्यांनी कानाला हात लावून ऐकलं. मग विचारलं, “बलभीमराव, किती वेळ झाला हे चालतंय?”
मी म्हटलं, दीड तास, साहेब. थांबतच नाही.
“अन् खातं काय?”
रॉकेल, साहेब. तेही फार कमी.
हे बोलताना मी ताठ उभा होतो.
नानासाहेबांनी मिस्त्रींना विचारलं, इंजिन कशाचं आहे? इतके दिवस अर्धं कानडी बोलणारे महालिंगप्पा स्वच्छ मराठीत म्हणाले, “पान्याचं हाय साहेब. हिरीवरचं. म्या पयल्याच दिवशी सांगितलंतं.”

५ एप्रिल, गुरुवार
बब्रुवानची फील्डमन म्हणून ऑर्डर निघाली.
माझीही ऑर्डर निघाली. कॉलनीच्या विहिरीवर ‘दुष्काळ निवारणार्थ’ माझं इंजिन बसवायचं. पहाटे चार ते सात आणि संध्याकाळी सहा ते नऊ चालवायचं. चालवणार मी, कारण इंजिन माझं. बाकीच्या वेळात काटा. पाऊस पडेपर्यंत रजा मिळणार नाही, मुख्यालय सोडायचं नाही.
काट्यावरून दुसरीकडे बदली मिळेल का, विचारलं. नानासाहेब म्हणाले, “तुम्ही गेलात तर पाणी कोण काढणार?” ते आपुलकीने म्हणाले. त्यामुळे मी ऑर्डरवर सही केली.

११ एप्रिल, बुधवार. प. ५
इंजिन पहिल्या दोरीला सुरू. पाणी मनगटाएवढं. रांगेतल्या बायका हसत होत्या. मला नव्हे, पाण्याला. सुमनने घागर भरली, खाली ठेवली, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच चारचौघांत म्हणाली, “इंजन चांगलं आनलं हो तुमी.”
बब्रुवान राजदूतवरून शिवाराकडे निघाला होता. थांबला, ओंजळीने पाणी प्याला, रामराम करून गेला.
मी विहिरीच्या काठावर स्टुलावर. नजर इंजिनावर ठेवायची, उठायचं नाही. सात वाजता केबिन. पेला, टॉवेल आणि आरसा परत नेला आहे.
खचायचं कारण नाही. टाकी, दिवा, सीट, सांगाडा, सगळं माझ्याच ताब्यात आहे. आता फक्त एक इंजिन मिळालं की झालं.