छपरावरची परात

६ मे, बुधवार

ती. स्व. यांस,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही बरे असाल. मेतकूट निळ्या झाकणाच्या बरणीत आहे. रक्तदाबाची गोळी सकाळची, दुपारची नव्हे. मथुराचा मिठाचा हात जड आहे, पण दोन वेळा गरम भात-आमटी करून घालते आहे, तेव्हा तिला बोलू नका. आणि आंबे उतरवायला गडी आहेत, या वयात तुम्ही झाडावर चढू नका.

फोन असताना पत्र कशाला, असं मनात आलं असेल. फोनवर मी लेकीचं नाव काढलं, ‘आर्या’ म्हटलं, की तुम्ही ‘बरं, ठेवतो’ म्हणता. पत्राला असं मधेच तोडता येत नाही. फार तर फाडता येतं, आणि तुम्ही कागद फाडणारे नव्हेत. तीस वर्षांपूर्वीची खताची पावती अजून तुमच्या कपाटात आहे.

नम्रताचे गुडघे बरे आहेत. म्हणजे मी खेडला तिच्याकडे होते तेव्हा बरे होते. खरं सांगायचं तर मी तिच्याकडे एकच रात्र राहिले. रोज आठ वाजता तुमचा फोन येतो, ‘बहीण काय म्हणते?’ विचारता, मी ‘तुमची चौकशी करते’ म्हणते. दहा दिवस हे चाललंय. पस्तीस वर्षांत तुमच्याशी इतकं सलग खोटं बोलले नव्हते. नम्रताला दोष देऊ नका, ती बिचारी नको नको म्हणत होती.

मी आर्याच्या गाडीत आहे.

आता पाणी प्या आणि पुढे वाचा.

दोन वर्षांपूर्वी तुम्ही तिला फाटकात उभं करून सांगितलंत, ‘बँकेतली नोकरी सोडून हातवारे करत हिंडायचं तर हिंड, पण त्या डबड्याचं चाक माझ्या अंगणाला लागता कामा नये.’ मी तुमच्या मागे उभी होते आणि गप्प होते. माझं ते गप्प राहणंही तिने ऐकलं असणार. तर ते डबडं मी आता आतून पाहिलंय. शाळेची जुनी मिनीबस ती, पण ओटा, पलंग, कपाट, सगळं तिने स्वतः बसवलंय. एक दार कुरकुरत नाही. आपल्या माजघराचं कुरकुरतं.

गाडीचा खरा जीव मात्र छपरावर आहे. तिथे रेंज पकडणारा, थाळीएवढा एक चपटा पांढरा डबा आहे, त्यातून तारा खाली एका यंत्रात येतात. यंत्रात दोन कंपन्यांची दोन सिमकार्डं. खाडीकाठी एक चालतं, वर सड्याच्या माळावर दुसरं. कुठल्या वळणावर कुठलं, किती वाजता, हे सगळं तिने वहीत लिहून ठेवलंय, अगदी तुम्ही कलमांची वही ठेवता तसं. अक्षरही तुमचंच, मुंग्यांसारखं. नव्या जागी मुक्काम केला की मी जागेवाल्या देवाला नारळ ठेवते. ती म्हणते, “आई, आधी रेंज बघू दे. नसली तर तुझा नारळ फुकट जायचा.”

ही रेंज तिला कशाला लागते, ते तुम्ही कधी विचारलं नाहीत. ऐकू न येणारी एखादी बाई दवाखान्यात गेली, की तिथला माणूस आर्याला व्हिडिओवर बोलावतो. बाई हातांनी सांगते, आर्या ते डॉक्टरला बोलून सांगते, आणि डॉक्टर बोलतो ते पुन्हा हातांनी बाईला. उरलेल्या वेळात ती वाडी-वाडीवर जाऊन अशा घरांतल्या आईबापांना खुणा शिकवते. म्हणून ही गाडी.

आता माझा पराक्रम.

रविवारी आम्ही जयगडच्या अलीकडे एका वाडीत थांबलो. एक म्हातारी दारातूनच ओरडली, “हितं नाय गावायची रेंज, बाय! वर सड्यावर जा. आमची पोरां तितंच जातात फोन कराया.” म्हणून सोमवारी सकाळी सड्यावर गेलो. रेंज मिळाली, पण जेमतेम.

तिथलं ऊन बघून माझे हात शिवशिवले. मे महिना, हाताशी आंबे आणि वर छप्पर रिकामं तापतंय! बारा आंब्यांचा रस आटवला, परातीला तूप लावलं, रस ओतला आणि शिडीवरून वर गेले. छप्पर दोन्ही बाजूंना उतरतं. आंबापोळीला जागा सपाट हवी, नाहीतर रस एका कडेला जमतो. सपाट असा तो पांढरा डबाच. परात त्यावर नेमकी बसली. मी खूश.

साडेअकराला आर्याला कॉल आला. पेशंटचं नाव-गाव ती मलाही सांगत नाही, तो तिचा नियम. अशा वेळी मी पडदा ओढून पुढच्या सीटवर बसते. डॉक्टरचा आवाज आला, “शेजारणी म्हणतात पोटात दुखतंय, पण ही पायाकडे बोट दाखवतेय. विचारा जरा.” आर्याने विचारलं. मग म्हणाली, “डॉक्टर, ती सांगतेय की...” आणि सगळं बंद.

मी पडदा सारला. तिने कार्ड बदललं, यंत्र बंद करून लावलं. काही नाही. मग तिने वर बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि शिडीकडे धावली. परात रसासकट खाली आली, समोरची काच पिवळीधमक. हात धुवायला ती थांबली नाही. रसाने बरबटलेल्या हातांनीच पुन्हा बोलू लागली. “डॉक्टर, पायाला साप चावलाय, फुरसं. सकाळी सात वाजता, वाळका पातेरा गोळा करताना. हिरड्यांतून रक्त येतंय म्हणते.”

मधे सहा मिनिटं गेली होती. मी घड्याळ बघत होते. त्या सहा मिनिटांत त्या बाईचं काही झालं असतं तर ते माझ्या आंबापोळीमुळे झालं असतं. मला रडू फुटलं. आर्याचे हात मात्र चाळीस मिनिटं थांबले नाहीत. सुई टोचताना, सलाईन लावताना, ती बाई घाबरली की आर्या तिला समजावत होती, चेहऱ्यावर हसू ठेवून. हातवारे म्हणतो ना आपण, ते हे.

संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला, बाई धोक्याबाहेर आहे. काच पुसता पुसता आर्या मला एवढंच म्हणाली, “आई, उद्या बोनेटवर घाल.”

काल ती बाई खाटेवरून व्हिडिओवर आली. माझ्याकडे बोट करून तिने काहीतरी विचारलं. आर्या म्हणाली, “विचारतेय, तू कोण.” मी छातीवर हात ठेवून सांगितलं, हिची आई. मग मला तुमचंही सांगायचं होतं, पण बाबा कसं म्हणतात ते येईना. आर्याने दाखवलं. मिशीला पीळ दिल्यासारखं करतात. ते करताना तिचा हात ओठापाशी जरा जास्तच वेळ राहिला.

मला माझ्या मुलीचा अभिमान वाटतो. हे दोन वर्षांपूर्वी फाटकात म्हणायला हवं होतं. आता लिहून देते.

रविवारी सकाळी आम्ही आरे-वारेवरून रत्नागिरीत येतोय. आर्या म्हणाली, “मी गाडी भाट्याला लावते, तू रिक्षाने घरी जा. मी नेहमी तिथेच थांबते.” नेहमी! दोन वर्षं आपली मुलगी घरापासून चार किलोमीटरवर येऊन मुक्काम करते आणि परत जाते. तुम्हाला ठाऊक होतं? मला नव्हतं.

मी रिक्षाने येणार नाही. आम्ही दोघी गाडीतूनच फाटकापर्यंत येऊ. उघडं असलं तर आत. बंद असलं तर हॉर्न वाजवणार नाही, वाडीला तमाशा दाखवणार नाही. गाडी वळवू आणि मी तिच्याबरोबर पुढच्या गावाला जाईन. हे रागाने लिहीत नाही. मागच्या वेळी मी फाटकाच्या आत उभी होते. या वेळी तिच्या बाजूला बसलेली असेन.

तुम्हा दोघांचीही,
उमा